ह्यूगोचं खापर चेंगदूच्या माथी का?

ह्यूगो हा विज्ञानकथा आणि फॅन्टसीसाठी वाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार. २०२३मध्ये तो चीनमधल्या चेंगदू शहरातल्या संमेलनात दिला गेला, आणि पुरेशी नामांकनं मिळालेली काही नावं कारण न देता यादीतून वगळली होती हे नंतर उघड झालं. या जगात त्या वर्षीच्या पुरस्कारांचा विषय निघाला की अजूनही तीच दोन वाक्यं ऐकायला मिळतात. ‘चीनमध्ये संमेलन भरवल्यावर दुसरं काय होणार होतं?’ हे पहिलं. ‘यापुढे असल्या देशांच्या हाती हे पुरस्कार देऊच नका’ हे दुसरं. आपल्याकडचे इंग्रजी विज्ञानकथा वाचणारेही हाच निकाल देऊन मोकळे होतात. मला हा निकाल मान्य नाही. चीनमधल्या सेन्सॉरशिपबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण वाचकांनी निवडलेली पुस्तकं आणि माणसं यादीतून उडवली ती मतमोजणी करणाऱ्या समितीनं, बरीचशी अंदाजपंचे, आणि कुणाला पत्ता लागू न देता. त्या समितीतली ज्यांची नावं पुढं आली ती मंडळी बहुतांशी चीनबाहेरची, इंग्रजीत व्यवहार करणारी, मोकळ्या देशांत राहणारी होती. ज्यांची मतं बाद झाली त्यांत चिनी वाचकही होते, आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून ‘यजमान देश कोणता’ हा प्रश्नच मला फसवा वाटतो. खरा प्रश्न आहे तो मोजणी कुणाच्या हाती आणि कुणाच्या डोळ्यांदेखत होते हा.

हा पुरस्कार कसा दिला जातो ते माहीत नसेल तर पुढचं सगळं अधांतरी राहील. ह्यूगो १९५३मध्ये फिलाडेल्फियात पहिल्यांदा दिला गेला. १९३९पासून भरणाऱ्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचा, म्हणजे वर्ल्डकॉनचा, हा पुरस्कार. त्याला परीक्षक मंडळ नाही. वर्गणी भरून सभासद झालेला कुणीही वाचक नामांकन करतो आणि नंतर अंतिम यादीतून मत देतो. संमेलन दरवर्षी वेगळ्या गावी भरतं, आणि त्या वर्षीची मोजणी त्या वर्षीच्या संमेलनाची समिती करते. वर कायमचं कार्यालय नाही, अपील नाही. पुढचं गाव कोणतं हेही सभासदच मतदानानं ठरवतात. डिसेंबर २०२१मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या मतदानात चेंगदूनं कॅनडातल्या विनिपेगला हरवलं. चेंगदू हे नाव काही नकाशावर बोट ठेवून निवडलेलं नव्हतं. चीनमधलं सर्वांत नावाजलेलं विज्ञानकथा मासिक १९७९पासून याच शहरातून निघतं. १९८३च्या ‘वैचारिक प्रदूषणा’विरोधी मोहिमेत तिथली विज्ञानकथा जवळजवळ संपवली गेली, तरी या शहरातल्या संपादकांनी ती तगवून धरली. १९९९ साली विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत ‘स्मृतीचं रोपण करता आलं तर’ असा निबंधाचा विषय आला, आणि त्याच सुमारास या मासिकात नेमका तोच विषय छापून आलेला होता. मग आईबापच मुलांना मासिक आणून देऊ लागले आणि खप झपाट्यानं वाढला. अशा शहरातल्या वाचकांना जगाचं संमेलन आपल्या दारी हवं होतं, यात गैर ते काय?

संमेलन ऑक्टोबर २०२३मध्ये पार पडलं. नामांकनांची आकडेवारी नव्वद दिवसांत जाहीर करायची असा नियम आहे, आणि समितीनं तो अगदी शेवटच्या टोकापर्यंत ताणला. २० जानेवारी २०२४ला तक्ते बाहेर आले. एकेका विभागात कृतींची नावं, त्यांना मिळालेली नामांकनं, फेऱ्यांचे आकडे असे ते रुक्ष तक्ते. काही नावांपुढे तारांकन होतं आणि खाली दोनच शब्द : ‘पात्र नाही’. कारण काही नाही. आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ ही कादंबरी अशा नावांत होती. अमेरिकी विज्ञानकथालेखकांच्या संघटनेचा त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार तिला आधीच मिळालेला होता, आणि ह्यूगोच्या अंतिम यादीत सहज बसेल इतकी नामांकनंही होती. ‘सँडमन’ मालिकेचा एक भाग होता, नवोदितांच्या पुरस्कारासाठी शिरान जे झाओ यांचं नाव होतं, आणि पॉल वायमर हा समीक्षा लिहिणारा हौशी लेखक होता. विचारणा झाली तेव्हा पुरस्कारांची धुरा सांभाळणारे डेव्ह मॅकार्टी एकच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहिले : ह्यूगोची घटना आणि आम्हाला लागू असलेले नियम तपासून समितीनं त्यांना अपात्र ठरवलं. कोणता नियम? ते सांगितलं नाही.

फेब्रुवारीत समितीतल्याच एका सदस्येनं आपले मेल ख्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड या विज्ञानकथाविश्वावर लिहिणाऱ्या दोघांच्या हवाली केले, आणि पडद्यामागचं चित्र समोर आलं. जून २०२३मधल्या एका मेलमध्ये सूचना होती की चीन, तैवान, तिबेट किंवा चीनमध्ये अडचणीचा ठरेल असा कोणताही विषय दिसला तर नोंद करा. सगळं वाचून काढायची गरज नाही. मग स्वयंसेवकांनी लेखकांची नावं इंटरनेटवर शोधून टिपणं तयार केली. ‘बेबेल’बद्दलच्या टिपणाचा आशय असा की यात चीनबद्दल बरंच काही आहे, मी हे वाचलेलं नाही. पॉल वायमर तिबेटला जाऊन आल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात तो गेला होता नेपाळला. आता ही कादंबरी कशाबद्दल आहे ते बघा. एकोणिसाव्या शतकातलं ऑक्सफर्ड, साम्राज्याच्या तिजोरीसाठी राबवले जाणारे वसाहतींतले अनुवादक, आणि ब्रिटननं चीनवर अफूचं युद्ध लादू नये म्हणून त्यांनी केलेलं बंड. बीजिंगमधल्या कट्टर अधिकाऱ्यालाही या कथानकात खटकण्यासारखं काय सापडलं असतं? पण समितीला सेन्सॉरनं काय म्हटलं असतं हे जाणून घ्यायचं नव्हतंच. तो काय म्हणू शकेल याची धास्ती होती, आणि धास्तीसाठी पुस्तक वाचावं लागत नाही.

आता समितीच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातलं सर्वांत वजनदार म्हणणं आधी मान्य करू. चीनमध्ये भीती खरी असते. तिथल्या प्रांतिक सरकारची संमेलनावर नजर होती. उद्या मंचावर एखादं ‘नको ते’ नाव झळकलं असतं तर परदेशी पाहुणे विमानात बसून घरी गेले असते. निस्तरावं लागलं असतं ते चेंगदूच्या स्थानिक संयोजकांना. ही नोकरदार, प्राध्यापक, संपादक माणसं. त्यांना त्याच शहरात राहायचं आहे. दुरून त्यांना धैर्याचे धडे देणं मला तरी जमणार नाही. एखाद्या चिनी संयोजकानं ‘हे नाव नको’ असं म्हटलं असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण ही ढाल चिनी संयोजकांची आहे. तिच्याआड मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी कसे काय उभे राहू शकतात? त्यांना राजीनामा देता आला असता. ‘या कायद्यांखाली आम्हाला प्रामाणिक मोजणी करता येणार नाही’ असं मे महिन्यातच जाहीर करता आलं असतं. काही नावं वगळावी लागत आहेत एवढं एक वाक्य अंतिम यादीखाली छापता आलं असतं. मग इतर लेखकांनी ठरवलं असतं, अशा यादीत राहायचं की नाही. तो निर्णय त्यांच्याकडून हिरावून घेतला गेला. एड्रियन चायकॉव्स्की यांना त्या वर्षी मालिकेसाठीचा पुरस्कार मिळाला होता आणि समांथा मिल्स यांना लघुकथेचा. सगळं उघड झाल्यावर दोघांनीही आपण स्वतःला त्या वर्षीचे विजेते मानत नसल्याचं जाहीर केलं. काहीही गैर न केलेल्या लेखकांवर आपलाच पुरस्कार नाकारायची वेळ आली, ती या लपवाछपवीमुळे.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला बोलावण्यावरून एका पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यानं संमेलन उधळण्याची भाषा केली, आणि संयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. पुढे त्याच पक्षाच्या अध्यक्षांनी आपला विरोध नसल्याचं सांगितलं. तोवर निमंत्रण गेलेलं होतं. ज्याची भीती घातली तोच ‘माझी हरकत नाही’ म्हणतो, आणि निर्णय मात्र तसाच राहतो. यवतमाळ आणि चेंगदू यांच्यामध्ये हजारो मैल आहेत, राज्यव्यवस्था तर दोन टोकांच्या आहेत. तरीही संयोजकांचं मन दोन्हीकडे एकाच वाटेनं गेलं : कुणी हुकूम सोडण्याआधीच तो पाळून टाकायचा. मग हा रोग ‘असल्या देशांचा’ आहे असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दुसरं उदाहरण २०२२चं, आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाला. आठवड्याभरात शासन निर्णय निघाला : पुरस्कार रद्द, निवड समितीही बरखास्त. सत्तेचा हा उघड दांडगावा होता आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो कागदावर होता. तारखेसह होता, सहीनिशी होता. म्हणूनच त्याला उत्तर देता आलं. लक्ष्मीकांत देशमुखांनी भाषा सल्लागार समितीचं अध्यक्षपद सोडलं, प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळ सोडलं, शरद बाविस्करांनी ‘भुरा’ला मिळालेला पुरस्कार नाकारला. चार दिवसांत महाराष्ट्राला कळलं की कुणी काय केलं आणि कोण कुठे उभं आहे. ह्यूगोच्या बाबतीत हे होऊच शकलं नाही. यादी गुपचूप बदलली, समारंभ झाला, टाळ्या वाजल्या, रॉकेटच्या आकाराच्या ट्रॉफ्या घेऊन लोक घरी गेले, आणि तीन महिन्यांनी एका तारांकनातून संशय सुरू झाला. शासन निर्णयानं पुरस्कार हिरावला; चेंगदूच्या समितीनं पुरस्काराबरोबर निषेधाची संधीही हिरावली. दोन्हींत कोणतं अधिक वाईट यावर वाद घालता येईल. पण ‘निदान त्यांनी गाजावाजा तरी केला नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर मला त्याच्याशी कडाडून भांडायचं आहे.

समितीच्या बाजूचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो चिनी मतांबद्दल आहे. बाहेर आलेल्या माहितीनुसार, एका चिनी प्रकाशनानं नामांकनांसाठी शिफारसयादी छापली होती. त्या यादीशी जुळणाऱ्या मतपत्रिका ‘संगनमत’ म्हणून ओळखून काढून टाकल्या गेल्या. वरवर पाहता यात तथ्य वाटतं. गठ्ठा मतदानानं पुरस्कार पळवला जाऊ नये हे कुणाला पटणार नाही? पण ह्यूगोच्या इतिहासात हेच संकट आधी येऊन गेलं आहे, आणि तेव्हा काय झालं ते या वादात जवळजवळ कुणी सांगत नाही. २०१५मध्ये ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ या अमेरिकी उजव्या गटांनी तयार याद्या फिरवून बहुतेक विभाग व्यापले होते. हा राग साधा नव्हता. विज्ञानकथा स्त्रियांच्या आणि गोरेतरांच्या हाती चालली आहे ही त्यामागची तक्रार. तरीही त्या वर्षीच्या समितीनं एकही मतपत्रिका त्या कारणासाठी फेकली नाही, कारण याद्या करणं नियमात बसत होतं. उत्तर दिलं ते मतदारांनी. पाच विभागांत त्यांनी ‘कुणालाही पुरस्कार नको’ हा पर्याय जिंकवला. मग खुल्या सभेत मोजणीची नवी पद्धत मांडली गेली, पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा मंजूर झाली आणि २०१७पासून लागू झाली. गठ्ठा मतांचा जोर कमी करण्यासाठीच ती पद्धत आहे. म्हणजे २०२३मध्ये हत्यार आधीच हाती होतं. अमेरिकी गटांची गठ्ठा मतं शिव्या देत देत मोजली जातात, आणि चिनी वाचकांनी आपल्याकडच्या प्रकाशनाची यादी पाहून मतं दिली की ती परस्पर बाद होतात. हा न्याय कुठला?

त्याच २०१५ सालातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पपी गटांच्या यादीमुळे मार्को क्लूस यांची कादंबरी अंतिम यादीत आली होती. आपली जागा अशा वाटेनं आली आहे हे पाहून त्यांनी नाव मागे घेतलं. रिकाम्या जागी लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली आणि तिनं पुरस्कार जिंकला. ह्यूगो मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. एका लेखकाला खरी माहिती मिळाली होती, म्हणून तो प्रामाणिकपणे वागू शकला. २०२३च्या लेखकांना ती माहितीच दिली गेली नाही.

मतं बाद करणं नेहमीच गैर असतं, असंही माझं म्हणणं नाही. २०२४च्या ग्लासगो संमेलनात ३,८१३ मतांपैकी ३७७ मतं बनावट असल्याचं समितीच्या लक्षात आलं. एकाच स्पर्धकाला जिंकवण्यासाठी कुणीतरी पैसे भरून सभासदत्वं घेतली होती. समितीनं ती बाद केली. पण निकालाआधीच, जुलैत, तसं जाहीर केलं. किती मतं, ती बनावट कशावरून वाटतात, हे सगळं लिहिलं आणि संबंधित स्पर्धकाला याची कल्पना असल्याचा कोणताही पुरावा नाही हेही आवर्जून सांगितलं. कुणी ग्लासगोवर शंका घेतली का? मतं बाद करण्याचा अधिकार दोन्ही समित्यांना सारखाच होता. फरक होता तो हिशेब देण्यात.

आता ‘असल्या देशांना यजमानपद नको’ या म्हणण्याकडे वळू. त्यातही एक सच्चा भाग आहे. शिनजियांगमध्ये उइगुर मुस्लिमांवर होणाऱ्या अत्याचारांमुळे अनेक लेखकांनी चेंगदूला जायचं नाकारलं. युक्रेनवरच्या हल्ल्याचं समर्थन करणारे रशियन लेखक सर्गेई लुक्यानेन्को सन्माननीय पाहुण्यांच्या यादीत होते, त्यावरही रास्त संताप झाला. सदसद्विवेकानं न जाणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. पण न जाणं वेगळं आणि दार कायमचं लावून घेणं वेगळं. इंग्रजी जिथली मुख्य भाषा नाही अशा देशांत हे ‘जागतिक’ संमेलन आजवर किती वेळा भरलं? हायडेलबर्ग १९७०, हेग १९९०, योकोहामा २००७, हेलसिंकी २०१७, चेंगदू २०२३. संपली यादी. ऐंशीहून जास्त वर्षांत पाच वेळा. आफ्रिकेत एकदाही नाही, भारतात नाही, लॅटिन अमेरिकेत नाही. यजमान देशाच्या चारित्र्याची चाचणी लावायची ठरवली, तर ती घेणार कोण? शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढली जातात त्या अमेरिकेला ती लागू होणार का? परदेशी लेखकांना व्हिसासाठी तिष्ठत ठेवणाऱ्या देशांना? पुस्तक कपाटातून काढणं आणि लेखकाला तुरुंगात टाकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मी मान्य करतो. तरीही या चाचणीचा शेवट संमेलन पुन्हा त्याच पाच-सहा इंग्रजी शहरांत फिरत राहण्यातच होईल. आणि त्यात चिनी सेन्सॉरचं काय बिघडेल? बिघडेल ते चिनी वाचकाचं, ज्याला एकदाच जगाबरोबर मत द्यायला मिळालं होतं.

सेन्सॉरशिपखाली जगणारे लेखक-संपादक तिच्याशी कसे वागतात हेही जरा जवळून पाहायला हवं होतं. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ सांस्कृतिक क्रांतीतल्या एका जाहीर छळसभेच्या प्रसंगानं सुरू व्हावी असं लिऊ यांच्या मनात होतं. चीनमध्ये पुस्तक निघताना तो प्रसंग सलामीला न ठेवता मध्ये सरकवला गेला, म्हणजे पहिल्याच पानावर कुणाची नजर अडू नये. केन लिऊ यांनी इंग्रजी अनुवाद करताना तो पुन्हा आरंभी आणला. तिथल्या लोकांनी प्रसंग गाळला नाही. जागा बदलली आणि वाचकापर्यंत पोचवला. कुठे किती वाकायचं आणि काय सोडायचं नाही, हे त्या माणसांना नेमकं ठाऊक असतं. उलट बाहेरून आलेल्या समितीनं अंदाज बांधला आणि कादंबरीच्या कादंबरी बाद केली. चिनी संपादक जिथे एक प्रसंग वाचवण्यासाठी धडपडतो, तिथे या मंडळींना एक पुस्तक वाचायलाही वेळ नव्हता.

मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, नावाची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. तोवर देशभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला हा खटाटोप कशासाठी हवा होता? परीक्षकांनी कथा वाचून निर्णय द्यावा, माणूस पाहून नव्हे, एवढ्यासाठी. ते बक्षीस खरं आहे हे त्यांना स्वतःला पटायला हवं होतं. २०२३मध्ये याच्या नेमकं उलटं घडलं. माणसं तपासली गेली, त्यांचे प्रवास तपासले गेले, आणि पुस्तकं वाचली गेली नाहीत.

मला काय व्हायला हवं आहे ते सरळ सांगतो. ह्यूगोची मोजणी यजमान संमेलनापासून तोडून एका कायम, स्वतंत्र गटाकडे द्यावी, आणि त्या गटातले बहुसंख्य लोक यजमान देशाबाहेरचे असावेत. एखादं नाव अपात्र ठरलं तर नियमाच्या क्रमांकासह त्याचं कारण अंतिम यादीबरोबरच छापावं, तीन महिन्यांनी नव्हे. ज्याचं नाव काढलं त्याला आधी कळवावं. आपल्याकडे शासनाच्या आणि संस्थांच्या पुरस्कारांनाही यातली निम्मी शिस्त लागू करता येईल : निवड समितीची शिफारस ज्या दिवशी होते त्याच दिवशी ती संकेतस्थळावर टाकावी; मग कुणाला ती फिरवायची असेल त्यानं ती सगळ्यांसमोर फिरवावी. ह्यूगोच्या घटनेतली दुरुस्ती लागोपाठ दोन संमेलनांत मंजूर व्हावी लागते, त्यामुळे हे एका रात्रीत होणार नाही. एक गोष्ट मात्र घटनादुरुस्तीवाचून करता येण्यासारखी आहे. ‘संगनमत’ म्हणून बाजूला काढलेल्या त्या चिनी मतपत्रिका मोजा. नाव-पत्ता झाकून, दोन तटस्थ माणसं बसवून मोजा, आणि २०२३ची खरी अंतिम यादी काय झाली असती ते प्रसिद्ध करा. क्वांग आणि वायमर यांच्यावर काय अन्याय झाला ते जगाला कळलं आहे. त्या याद्यांमधल्या चिनी लेखकांची तर नावंही आपल्यापैकी फारशा कुणाला माहीत नाहीत.